सेकंड माल

छत्तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिला.
डझन, गाठी, गेटपास.
एखादा धागा तुटका, किनार जरा ओढलेली
की मालक बोटानं नुसतं बाजूला सारायचे:
सेकंड.
सेकंडला भाव निम्मा. अंग तेवढंच पुसतो
हे मी कधी बोललो नाही.

आता गच्चीवर दहा काळ्या पाट्या,
ग्रॅच्युइटी तिथं उन्हात वाळत घातलीय.
पहाटे ओल्या फडक्यानं पुसतो
शेजारच्या मागांवरून उडालेली सुताची लव,
धूळ, कबुतरांची कृपा.
"देवाआधी तुमच्या पाट्यांना अंघोळ," पद्मा म्हणते.

सोलापुरात पाणी पाचव्या दिवशी येतं.
ऊन रोज येतं, आणि पूर्ण दाबानं.

बिलावर दोन रकाने: आयात, निर्यात.
पहिल्या महिन्यात मी पाव किलो पेढे आणले.
साखर पेठेतल्या बोळातला
लक्ष्मीनारायण इरबत्ती, निर्यातदार!

मार्चअखेर कळलं.
आयुष्यभर जमा शिल्लक मी पुढच्या पानावर ओढली.
इथं रेघ मारतात,
उरलेली युनिटं कंपनी तिच्या भावानं उचलते.
पावणेतीन रुपये.
खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "काका, दर वरून येतो."
मी वर पाहिलं. पंखा फिरत होता.
"ऊनही वरूनच येतं," म्हणालो.
त्यांनी पुढच्याचा कागद घेतला.
ते बोट मी ओळखलं.

वायरमननं सांगितलं,
"वीज लांब जात नाही ओ, जवळचं घर बघते."
जवळ रेवणसिद्धचा इस्त्रीचा गाळा.
त्याचं बिल मागून घेतलं, टेप लावून अंतर मोजलं.
माझ्या गच्चीपासून खांब, खांबापासून गाळा:
बेचाळीस फूट.
बेचाळीस फुटांत पावणेतीनचे चौदा होतात.
तारेकडं बराच वेळ बघितलं.
कावळा बसला होता. त्याला काही झालेलं दिसलं नाही.

"मग मला थेटच वायर द्या की," रेवणसिद्ध म्हणाला.
आम्ही दोघंही हसलो,
मग दोघांनीही इकडंतिकडं बघितलं.

मेमध्ये भर दुपारी लाइन गेली.
त्रेचाळीस. पाट्यांवर भाकरी भाजेल असं ऊन
आणि इन्व्हर्टरवर तांबडा दिवा.
लाइन गेली की आपलीही बंद, असा नियम.
पद्मा पुठ्ठ्यानं वारा घेत म्हणाली,
"सूर्याला पण परवानगी लागते?"
बाहेर खांबावर एक पोरगं चढलेलं,
चपला खाली नीट जोडून ठेवलेल्या.
माझी वीज उलटी त्या तारेत गेली असती तर.
हा एक नियम पटला.
त्याला ताक नेऊन दिलं.
बाकीचे अजून पोटात तसेच आहेत.

यंदा मार्चच्या एकोणतीसला चारशे बारा शिल्लक.
बोळात सांगत सुटलो,
आणा, काय वाटायचं, दळायचं, तापवायचं ते आणा.
नरसूबाई मिरच्या घेऊन आली, सगळं घर शिंकलं.
गौरव्वा शेंगदाणे घेऊन;
"मिक्सरच्या चटणीला तेल सुटत नाही, कुटायलाच पाहिजे,"
असं म्हणत तीन भांडी वाटून घेऊन गेली.
रेवणसिद्धनं दोन इस्त्र्या आमच्या हॉलात मांडल्या,
कुणाच्या तरी लग्नाचे साठ सदरे.
चारला मिक्सर जळाला.
पद्मा माझ्याशी बोलेना,
पण सगळ्यांना चहा केला. इंडक्शनवर.

रात्री टॉर्च धरून मीटरपुढं उभा राहिलो,
पाठीवर एक नवी घडीची इस्त्री, अजून कोमट.
दोनदा वजाबाकी केली.
चारशे सहा.

दिवसभर अख्खा बोळ खर्च करत होता
आणि तो वरून ओततच होता.
कुणीतरी सांगायला हवं होतं त्याला,
आज जरा हात आखडून.